इग्वाका : आसरा आणि घर

श्रोतेहो, या मालेत आजवर राजे आले, राज्यघटना आल्या, दुष्काळही येऊन गेले. आज एका पोपटाचा इतिहास सांगायचा आहे, आणि तोही कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरच्या. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं पोपटावर बोलायचं म्हणजे पोपटपंचीच होणार, असं कुणी मनात म्हणत असेल तर म्हणू द्या. त्या शब्दाकडे आपण शेवटी शेवटी येणारच आहोत.

बेटाचं नाव प्वेर्तो रिको. आकारानं आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडं मोठं. पक्ष्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅमेझोना व्हिटाटा, पण बेटाचे मूळ रहिवासी, ताइनो लोक, त्याला ‘इग्वाका’ म्हणत. उडताना तो जो आवाज काढतो त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडे टिटवीचं पडलं तसंच. पोपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांब शेपटीचा, गळ्यात कंठ असलेला राघू येतो. इग्वाका तसा नाही. तो अंगानं भरलेला, आखूड शेपटीचा, जेमतेम ३० सेंटिमीटर लांबीचा. अंग हिरवंगार, कपाळावर लाल पट्टी, डोळ्याभोवती पांढरं कडं. बसलेला असला तर पानांत दिसत नाही. उडाला की पंखांतला निळा रंग दिसतो.

आता आमच्या विषयातली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. न्यायदर्शनात ‘जाती’ ही संकल्पना आहे. अनेक गायींमध्ये जे एकच ‘गायपण’ असतं, ती जाती. आणि नैयायिकांच्या मते ती नित्य आहे. एक एक गाय जन्मते, मरते; गायपण जन्मत नाही नि मरतही नाही. आम्ही वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलं, विद्यार्थ्यांनी लिहिलं, मार्क मिळवले. पण जीवशास्त्रज्ञ ज्याला प्रजाती म्हणतो ती अशी नाही. ती कधीतरी सुरू होते, एखाद्या ठिकाणी राहते, आणि संपू शकते. म्हणजे ती इतिहासातली वस्तू आहे. तिला काळ आहे, गाव आहे. इग्वाकाच्या बाबतीत हा गावाचा प्रश्नच सगळ्यात मोठा ठरला. ज्या डोंगरावर तो शेवटी उरला, तो डोंगरच त्याचं घर, असं सगळ्यांनी धरलं. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की आसरा वेगळा आणि घर वेगळं, आणि या दोहोंत गल्लत झाल्याची किंमत त्या पक्ष्यानं मोजली.

१४९३ च्या नोव्हेंबरात कोलंबसाची जहाजं दुसऱ्या सफरीत या बेटाला लागली. ताइनो लोक बेटाला बोरिकेन म्हणत. त्या वेळी किनाऱ्यापासून शिखरांपर्यंत जवळपास सगळं जंगल होतं आणि इग्वाका त्या सगळ्या जंगलाचा पक्षी होता. त्याची संख्या किती असेल याचे अंदाज एक लाखापासून दहा लाखांपर्यंत जातात. अंदाजच ते, त्यांना चिकटून बसायचं कारण नाही. पण थवे मोठे होते आणि ते मैदानातही होते, ही गोष्ट पुढच्यासाठी ध्यानात ठेवा. ताइनो लोक पोपट पाळत, खातही. त्यानं पक्षी संपला नाही.

स्पॅनिश राजवटीची पहिली तीनशे वर्षंही त्यानं काढली, कारण बेटावर माणसं कमी होती. मोडतोड झाली ती एकोणिसाव्या शतकात. किनाऱ्यालगत ऊस, डोंगरउतारांवर कॉफी, मधल्या खोऱ्यांत तंबाखू. १८९९ च्या जनगणनेत बेटाची वस्ती साडेनऊ लाखांवर गेली होती. जंगल वरवर सरकत गेलं, पोपट त्याच्यामागे. मक्यावर उतरला की शेतकरी त्याला मारत. पिल्लं पाळायला हवी असत, म्हणून ढोलीचं झाडच तोडून पाडत. यात पिल्लू जायचं आणि ढोलीही जायची. पुढच्या वर्षी त्या जोडीला घर नाही. एका पिंजऱ्यातल्या पोपटाच्या मागे किती न जन्मलेले पोपट उभे असतात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. शेजारच्या कुलेब्रा बेटावर याच पोपटाची एक उपजात होती, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपली. १९४० च्या दशकापर्यंत मुख्य बेटावर जंगल उरलं होतं ते सुमारे सहा टक्के.

हे सहा टक्के कुठे उरले? बेटाच्या ईशान्येला लुकियोची डोंगररांग आहे. शिखरं हजार मीटरच्या आसपास, त्यातलं एल युंके नावाचं शिखर प्रसिद्ध. वरच्या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या माणसाला याचं फारसं कौतुक वाटणार नाही, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो. तिथला बाराही महिने पडतो. उभे चढ, निसरडी माती, कायम ओल. तिथे ऊस होत नाही, कॉफी धड होत नाही. म्हणून जंगल राहिलं. स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो याने १८७६ मध्ये हे डोंगर राखीव जाहीर केले. १८९८ च्या युद्धानंतर बेट अमेरिकेकडे आलं आणि १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे सरकारी वनक्षेत्र केलं. दोन्ही सरकारांना श्रेय द्यायला हवं. पण खरं श्रेय त्या चिखलाचं आहे. माणसाला नको असलेली जागा तेवढी पोपटाला मिळाली.

पक्षीशास्त्रज्ञ पोहोचले तेव्हा त्यांना इग्वाका याच ओल्या डोंगरावर भेटला. १९५० च्या दशकात होसे रोद्रिगेझ-विदाल यांनी त्याचा पहिला सविस्तर अभ्यास केला. तेव्हा सुमारे २०० पक्षी उरले होते. ‘डोंगरी अरण्यातला पोपट’ ही ओळख त्या काळापासून पक्की होत गेली. १९६७ मध्ये अमेरिकन सरकारच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आलं, १९६८ मध्ये त्याला वाचवण्याचं काम सुरू झालं. तेव्हाची मोजणी २४. आणि १९७५ मध्ये रानात उरले १३.

तेरा. या सभागृहातल्या पहिल्या दोन रांगांत बसलेल्यांपेक्षा कमी.

(त्याच अरण्याबद्दल जाता जाता एक गोष्ट. १९६५ मध्ये हॉवर्ड ओडम या नामवंत परिसरशास्त्रज्ञाने लुकियोच्या जंगलाच्या एका तुकड्यात सुमारे तीन महिने किरणोत्सर्गी सीझियम ठेवून झाडांवर काय परिणाम होतो ते पाहिलं. अणुयुगाची चिंता तशी होती, आम्ही समजू शकतो. पण ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ काळाप्रमाणे कसा बदलतो तेही बघा.)

आता ते तेरा पक्षी का वाढत नव्हते? शिकार जवळजवळ थांबली होती, जंगल शाबूत होतं. कॅमेरॉन केप्लर, नोएल स्नायडर, जेम्स वायली या संशोधकांनी वर्षानुवर्षं झाडांवर मचाण बांधून, पावसात भिजत घरट्यांवर पाळत ठेवली. पुढे १९८७ मध्ये स्नायडर, वायली आणि केप्लर यांनी या सगळ्या कामावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांना जे दिसलं ते असं.

इग्वाका स्वतः ढोली कोरत नाही. त्याला तयार ढोली लागते, खोल आणि कोरडी. लुकियोत अशी ढोली मिळते ती मुख्यतः पालो कोलोराडो नावाच्या झाडात. हे झाड शतकानुशतकं जगतं आणि म्हातारं झालं की आतून पोकळ होतं. बरीच जुनी झाडं कोळशासाठी तुटली होती, काही पिल्लांसाठी पाडली गेली होती. उरलेल्या ढोल्यांत पाणी झिरपायचं, अंडी वाया जायची. पिल्लं निघाली तर एका माशीच्या अळ्या त्यांच्या कातडीखाली शिरायच्या. बाहेर लाल शेपटीचा ससाणा टपलेला. आणि पांढुरक्या डोळ्यांचा, कस्तुरासारखा दिसणारा एक दांडगा पक्षी ढोलीत घुसून अंडी फोडायचा, जागा बळकवायचा.

या शेवटच्या पक्ष्यावर त्यांनी काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. त्यांच्या ध्यानात आलं की तो दांडगा पक्षी ज्या ढोलीचा तळ दारातून दिसतो तिथेच घर करतो. तळ दिसला नाही तर त्याची हिंमत होत नाही. पोपटाला मात्र अंधाराचं भय नाही. मग त्यांनी पोपटासाठी खोल, अंधाऱ्या ढोल्या बनवल्या. आणि जवळच त्या दांडगोबासाठी एक उथळ, ऐसपैस पेटी टांगली. तो त्या पेटीत स्थायिक झाला आणि स्वतःच्या इलाख्यात आपल्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याला फिरकू देईना. म्हणजे चोरालाच वेशीवर राखण बसवलं. पगार काय, तर एक लाकडी पेटी.

हे सगळं कौतुकास्पदच. पण आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट काढा. संकटांची ही यादी पुन्हा वाचली तर त्यातली निम्मी अडचण ‘ओल’ या एका शब्दात येते. ढोल्या ओल्या का, तर डोंगर ओला. जो पक्षी एकेकाळी मैदानात, टेकड्यांत, सगळीकडे होता, त्याच्या एकूण मुलुखाचा हा सगळ्यात भिजका, सगळ्यात अवघड कोपरा. गाव पुरानं बुडालं म्हणून माणसं देवळाच्या कळसाशी चढून बसली आणि कुणी परदेशी पाहुणा नावेतून आला, तर तो लिहील, ‘हे लोक कळसावर राहतात, यांना कळस दुरुस्त करून द्यावा.’ लुकियोत काहीसं असंच झालं. त्या संशोधकांनाही ही शंका आलेली होती, हे न्यायानं सांगायला हवं. पण हाती तेरा पक्षी असताना माणूस आधी ते जगवतो, मूळ गावाचा विचार नंतर.

१९७३ पासून काही अंडी नि पिल्लं रानातून आणून पिंजऱ्यात पैदाशीचं काम सुरू झालं. हे पोपट हळूहळू जमतात, आयुष्यभराची जोडी करतात; घाई चालत नाही. शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावरचे त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे दुसऱ्या जातीचे पोपट, दाई म्हणून आणले. त्यांनी इग्वाकाची अंडी उबवली, पिल्लं भरवली. रानातले पक्षीही वाढत वाढत ४७ च्या घरात गेले. आणि १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळ आलं. एका रात्रीत रानातली संख्या निम्म्यावर.

सगळे एकाच डोंगरावर ठेवणं किती धोक्याचं, हे ह्यूगोनं दाखवून दिलं. दुसरी जागा निवडली ती बेटाच्या मध्य-उत्तरेची, रिओ आबाहो. हा चुनखडीचा मुलूख. उंची कमी, पाऊस कमी, टोपल्या पालथ्या घातल्यासारख्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये खोलगट दऱ्या. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इथेही इग्वाका होता. म्हणजे ही त्याची जुनी वाडी, तो तिथून उठला होता एवढंच.

मधल्या काळात बेटावर एक अजब गोष्ट घडली होती. १९४० नंतर कारखानदारी आली, लोक शेती सोडून शहरांत गेले, लाखो न्यूयॉर्कला गेले. पडीक मळ्यांवर झाडं उगवली. आज बेटाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा जंगलाखाली आहे. कुणीही ठरवून हे केलं नाही. ‘विकास’ आणि ‘निसर्ग’ यांची जी कुस्ती आपण नेहमी लावतो तिच्यात हे उदाहरण कुठेच बसत नाही, म्हणून ते सांगण्यासारखं आहे. मात्र जंगल आपसूक परतलं तरी पोपट परतला नाही. पन्नास वर्षांच्या झाडाला सावली असते, ढोली नसते.

१९९३ मध्ये रिओ आबाहोला पैदास केंद्र सुरू झालं आणि २००६ मध्ये तिथल्या रानात पहिले २२ पक्षी सोडले. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला ससाणा म्हणजे काय हे कसं कळणार? त्याआधी एल युंकेत सोडलेले काही ससाण्यांनी उचलले होते. म्हणून सोडण्याआधी शाळा भरवली जायची. हिस्पॅनिओलाच्या एका पोपटाला चामड्याचं चिलखत घालून, शिकवलेल्या ससाण्याकडून त्याच्यावर झडप घालवायची आणि बाकीच्यांनी ती पाहायची. ससाण्याकडे बघायचं कसं, गप्प राहायचं कधी, हे ते शिकत. रिओ आबाहोत हे पक्षी चांगले रुजले. काही वर्षांतच तिथला थवा जुन्या डोंगरावरच्या थव्याच्या पुढे गेला. चाळीस वर्षं माणसांनी डोंगरावर जीव ओतला होता, आणि चुनखडीच्या टेकड्यांत ते काम त्या मानानं सहज झालं.

याच काळातली आणखी एक बाब. २०१२ मध्ये इग्वाकाचा पूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. मायागुएझच्या विद्यापीठात तारास ओलेक्सिक यांच्या गटानं हे काम केलं, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांनी चित्रप्रदर्शनं, फॅशन शो भरवून लोकांकडून पैसे गोळा केले. बेटाला अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मत नाही. पण पोपट आपला आहे हे सांगायला मत लागत नाही. लोकवर्गणीतून झालेलं हे विज्ञान आम्हाला कुठल्याही मोठ्या अनुदानापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

मग २० सप्टेंबर २०१७. मारिया चक्रीवादळ. माणसांचं काय झालं ते आधी सांगायला हवं : सरकारनं नंतर मान्य केलेला मृतांचा आकडा २,९७५. काही गावांत वीज यायला महिने लागले. पैदास केंद्रांतले पक्षी वादळासाठी बांधलेल्या भक्कम खोल्यांत कोंडले होते. सुमारे ४६० पक्ष्यांपैकी बहुतेक वाचले. रानात मात्र एल युंकेच्या ५६ पैकी २ उरले. पश्चिमेच्या मारिकाओत नव्यानं सोडलेल्या ३१ पैकी ४. रिओ आबाहोत १३४ पैकी ७५.

हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. मारिया बेटावर आग्नेयेकडून शिरून वायव्येला बाहेर पडलं, म्हणजे रिओ आबाहोला त्याची झळ लागली नाही असं नाही. तिथल्या खोलगट दऱ्यांनी आडोसा दिला असावा. उंच, उघड्या डोंगरावर तसा आडोसा नाही. वाऱ्यानं मेले नाहीत ते पुढच्या आठवड्यांत उपाशी मेले, कारण झाडांवर एक फळ, एक पान उरलं नव्हतं. अधिवासाच्या चर्चेत इतकं स्पष्ट उत्तर निसर्ग क्वचित देतो.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : माणसांच्या घरावर छप्पर नसताना पोपटावर खर्च का? आम्ही या प्रश्नाची टर उडवणार नाही. अंधारात महिने काढलेल्या माणसाला तो विचारण्याचा हक्क आहे. पण तो प्रश्न पोपटाच्या पिंजऱ्याशी नेऊन विचारण्यात अर्थ नाही. छप्पर पोपटामुळे अडलेलं नव्हतं. ते कशामुळे अडलं, हा बेटाच्या राजकारणाचा विषय आहे आणि त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल. शिवाय त्या दिवसांत केंद्रात राहून पक्ष्यांना दाणापाणी देणारी माणसं त्याच बेटावरची होती. त्यांच्याही घरांची छपरं उडालेली असणार.

आता पोपटपंची. आपण हा शब्द न समजता घोकणाऱ्यासाठी वापरतो. रानातल्या पोपटावर हा अन्याय आहे. इग्वाकाचं पिल्लू हाका शिकतं ते थोरांकडून, थव्यात राहून. आणि थव्याथव्याची बोली वेगळी असते. तान्या मार्टिनेझ आणि कोरिना लोगन या संशोधिकांनी मारियाच्या आधीच दोन्ही रानांतल्या आणि दोन्ही केंद्रांतल्या पोपटांच्या हाका ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिल्या होत्या. त्यांना आढळलं की पक्षी एका जागेहून दुसरीकडे नेले की हाका बदलतात. एल युंकेच्या रानातली बोली एक, तिथून निघालेल्या केंद्रातली दुसरी, रिओ आबाहोची आणखी वेगळी. आणि या सगळ्यांत जी मूळची, माणसाच्या हाताखालून न गेलेली, पिढ्यान्‌पिढ्या रानातच चालत आलेली बोली होती, ती त्या ५६ पक्ष्यांपाशी होती. ती मारियानं नेली.

मघाचा नैयायिक इथे विचारेल, मग जाती वाचली की गेली? रक्त वाचलं. पंखांचा निळा रंग वाचला. आवाज गेला. आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला आहे, आणि ‘पोपट आहेत ना, मग झालं’ या उत्तरानं आमचं समाधान होत नाही. बोली ही वरून चढवलेली झूल नव्हे. कुठे धोका, कुठे फळ, कोण आपलं, हे तिच्यातून चालतं. त्या जुन्या हाका मुद्रित स्वरूपात आहेत. त्या लावून पिल्लांना शिकवाव्यात का, असं एखाद्याला सुचेल. पण बोलणारं कुणी नसताना यंत्रातून घोकलेली बोली, तिला मात्र पोपटपंची म्हणता येईल. त्यापेक्षा नव्या थव्यांनी नव्या रानात आपली बोली घडवलेली बरी. रिओ आबाहोचे पोपट तेच करताहेत. ती बोली कानाला परकी वाटली तरी ती जिवंत व्यवहारातून आलेली आहे.

२०२० मध्ये एल युंकेत पुन्हा ३० पोपट सोडले. काहींनी विचारलं, ज्या डोंगरानं दोनदा दगा दिला तिथे पुन्हा का? आमच्या मते सोडावेत, पण सगळी आशा त्याच्यावर न ठेवता. डोंगर हा मुलुखाचा एक कोपरा म्हणून चांगलाच आहे. दुष्काळात, किंवा दुसऱ्या बाजूनं वादळ आलं तर, उद्या तोच उपयोगी पडेल. खरं काम खाली आहे, जिथे जुन्या कॉफीच्या मळ्यांवर साठ-सत्तर वर्षांची झाडं उभी आहेत आणि ढोल्या अजून धरलेल्या नाहीत. तोवर लाकडी पेट्या टांगाव्या लागतील, आणि त्या दरवर्षी कुणीतरी झाडावर चढून साफ कराव्या लागतील.

वेळ होत आला. प्रश्न असतील तर घेऊ.